समुद्राच्या तळाचा सांडवा

धरण काठोकाठ भरलें म्हणजे वरचें पाणी सांडव्यावरून पलीकडे पडूं लागतें. पावसाळ्यांत तें दृश्य पाहण्यासाठीं शहरांतील माणसें मुद्दाम वाट वांकडी करून जातात. पृथ्वीच्या पाठीवर असाच एक सांडवा असा आहे कीं, त्यावरून सेकंदाला सुमारें २२ लक्ष घनमीटर पाणी अहोरात्र वाहत असतें. जगांतील साऱ्या नद्या मिळून समुद्राला जेवढें पाणी देतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट हें पाणी भरतें. तो पाहण्यास मात्र कोणी जात नाहीं. कारण हा सांडवा समुद्राच्या पृष्ठभागाखालीं आठशें मीटरांहून अधिक खोल आहे, आणि त्यावरून पडणारें पाणीहि समुद्राचेंच आहे. पाण्याच्या पोटांत पाणी वाहत आहे. वर जहाजावर उभ्या असलेल्या खलाशाला त्याची कसलीहि चाहूल लागत नाहीं. हा सांडवा माणसाला कसा सांपडला, आणि त्यावरून किती पाणी जातें हें त्यानें कसें मोजलें, ह्याची हकीकत दीडशें वर्षांची आहे.

सांडव्याची जागा समजण्यासाठीं उत्तर अटलांटिक महासागराचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. ग्रीनलंडपासून आइसलंड, आइसलंडपासून फेरो बेटें, आणि तेथून स्कॉटलंड, अशी एक डोंगररांग पाण्याखालून गेलेली आहे. आइसलंड आणि फेरो बेटें हीं त्याच रांगेचीं पाण्याबाहेर आलेलीं शिखरें होत. रांगेच्या दक्षिणेस अटलांटिकचें अफाट खोरें आहे. उत्तरेस नॉर्वे व ग्रीनलंड ह्यांच्या मधले समुद्र आहेत, आणि त्यांचा तळ कित्येक ठिकाणीं तीन हजार मीटरांहून खोल आहे. दक्षिणेकडून आलेलें कोमट, खारट पाणी ह्या उत्तरेच्या समुद्रांत शिरतें, हिंवाळ्यांतील बोचऱ्या वाऱ्यांना आपली उष्णता देऊन टाकतें, थंड होतें, जड होतें आणि बुडतें. असें बुडालेलें पाणी डोंगररांगेच्या मागें सांठत राहतें. बांध जेथें खचलेला असेल तेथून तें बाहेर पडणार हें उघड आहे. अशा खचलेल्या जागा मुख्यतः दोन. एक ग्रीनलंड आणि आइसलंड ह्यांमधील डेन्मार्कची सामुद्रधुनी. तिचा उंबरठा सुमारें ६३० मीटर खोल आहे. दुसरी जागा फेरो बेटांच्या नैर्ऋत्येस आहे. तेथें बेटें आणि 'फेरो बँक' नांवाचा समुद्रांतील एक उथळ उंचवटा ह्यांच्या मधून एक चिंचोळी खिंड गेली आहे. ह्या खिंडीचा उंबरठा सुमारें ८४० मीटर खोल, म्हणजे साऱ्या बांधांत सर्वांत खालचा. रुंदी म्हणावी तर अवघी पंधरा-वीस किलोमीटर.

ह्या खिंडीकडे एवढें लक्ष कां द्यावें? थंड पाणी तळावरून दक्षिणेकडे निघून जातें, आणि त्याची जागा घेण्यासाठीं पृष्ठभागावरून कोमट पाणी उत्तरेकडे जातें. नॉर्वेचीं बंदरें ऐन हिंवाळ्यांतहि उघडीं राहतात, त्याला ह्या कोमट पाण्याचा मोठा आधार आहे. शिवाय सांडव्यावरून पडलेलें थंड पाणी तेथेंच थांबत नाहीं. तें अटलांटिकच्या खोल थरांतून पुढें जगाच्या महासागरांत पसरतें. तेव्हां हा सांडवा मंदावला तर त्याचे परिणाम फेरो बेटांपुरते राहणार नाहींत.

शोधाला आरंभ झाला तो मात्र वेगळ्याच हेतूनें. १८६८ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्रिटिश आरमाराची 'लाइटनिंग' नांवाची आगबोट स्कॉटलंडच्या उत्तरेकडे निघाली. 'लाइटनिंग' म्हणजे वीज. पण नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, अशी तिची गत होती. आरमारांतील अतिशय जुन्या चाकांच्या बोटींपैकीं ती एक, आणि त्यांत हवाहि सारखी वाईट. बोटीवर वायव्हिल टॉमसन आणि विल्यम कार्पेंटर हे दोन प्राणिशास्त्रज्ञ होते. तीनशें वांवांच्या खालीं समुद्रांत जीवसृष्टि नाहीं, असें मत एडवर्ड फोर्ब्ज ह्या शास्त्रज्ञानें मांडलें होतें, आणि तें पुष्कळांना पटलेलें होतें. तें खरें कीं खोटें हें तळावर जाळें ओढून पाहावें, एवढाच ह्या दोघांचा उद्देश. दोरीला बांधून उष्णतामापक खालीं सोडावयाचे, हें जोडकाम होतें.

त्या काळीं आणखी एक समज रूढ होता. खोल समुद्राचें तळचें पाणी सर्वत्र सारखेंच, म्हणजे ३९ अंश फॅरनहाइटचें असतें, असें मोठमोठे विद्वान मानीत. गोडें पाणी त्या अंशावर सर्वांत जड होतें हें खरें आहे. पण खाऱ्या पाण्याला तो नियम लागूं पडत नाहीं. तें गोठेपर्यंत जड होतच जातें. ही गोष्ट प्रयोगशाळेंत ठाऊक झालेली असूनहि समुद्रासंबंधींचा समज टिकून होता. पुस्तकांतील चूक एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी बिनबोभाट जाते, ह्याचें हें एक बरें उदाहरण आहे.

फेरो व शेटलंड बेटांच्या दरम्यान 'लाइटनिंग'नें उष्णतामापक सोडले. सुमारें पांचशें वांव खोलीवर एका टापूंत ते ३२ अंश दाखवीत. तेथून फारसें दूर नसलेल्या दुसऱ्या टापूंत, जवळजवळ तितक्याच खोलीवर, ते ४७ अंश दाखवीत. पृष्ठभागावरील पाणी दोन्हीकडे सारखेंच कोमट. तळाशीं मात्र एकीकडे गोठणबिंदूचें पाणी आणि एकीकडे त्याहून पंधरा अंशांनीं ऊन. दोन्हीकडच्या तळांत सांपडणारे प्राणीहि वेगळे, आणि चिखलहि वेगळा. जीवसृष्टीविषयींचें फोर्ब्जचें मत तर टिकलें नाहींच, पण त्याहून मोठें कोडें पुढें उभें राहिलें. एकाच समुद्रांत, एकाच खोलीवर, मध्यें भिंत नसतांना दोन तऱ्हांचें पाणी शेजारीं शेजारीं कसें राहतें? दुसऱ्या वर्षीं, १८६९ मध्यें, 'पॉर्क्युपाइन' ह्या अधिक चांगल्या बोटीवरून हीच पाहणी पुनः झाली. खोल पाण्याचा दाब कांचेवर पडून उष्णतामापक चुकीचा आंकडा दाखवितो, म्हणून ह्या वेळीं दुहेरी कांचेचे नवे मापक बरोबर घेतले होते. भेद खरा ठरला. थंड टापूंत पारा ३२ अंशांच्याहि खालीं गेला.

पुढें १८७२ पासून १८७६ पर्यंत 'चॅलेंजर' जहाजानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचा शास्त्रीय प्रमुख टॉमसनच होता. पूर्वेकडील द्वीपसमूहांत त्या जहाजाला एक गोष्ट आढळली. चहूंकडून उंचवट्यांनीं वेढलेल्या समुद्रांत कांहीं खोलीपर्यंत पाणी थंड होत जातें; पण पुढें तळापर्यंत त्याची उष्णता बदलतच नाहीं. बाहेरचें अधिक थंड पाणी कांठ ओलांडून आंत येऊं शकत नाहीं, हें त्याचें कारण. म्हणजे नुसत्या उष्णतेच्या आंकड्यांवरून न दिसणाऱ्या भिंतीची उंची सांगतां येते! हीच दृष्टि फेरोच्या कोड्याला लावली तर तेथेंहि पाण्याखालीं एखादी भिंत असली पाहिजे. १८८० मध्यें 'नाइट एरंट' ह्या बोटीवरून कॅप्टन टिझार्ड व जॉन मरे ह्यांनीं त्या जागीं तळ चांचपला, आणि खरोखरच तेथें एक आडवा उंचवटा लागला. त्याचा माथा सुमारें तीनशें वांवांवर होता. १८८२ च्या उन्हाळ्यांत 'ट्रायटन' बोटीनें त्याची अधिक पाहणी केली. टॉमसन त्याच वर्षीं मार्चमध्यें वारला होता. त्या उंचवट्याला आज वायव्हिल टॉमसन ह्याचेंच नांव आहे.

भिंत सांपडली तेव्हां कोडें सुटल्यासारखें वाटलें. उत्तरेचें थंड पाणी अलीकडे, अटलांटिकचें कोमट पाणी पलीकडे, आणि मध्यें भिंत. पण धरणाच्या भिंतीकडे पाहून सांडव्याचा विचार न करावा असेंच हें झालें. भिंतीच्या पश्चिम टोकाशीं, फेरो बँकेच्या पाठीमागून, तिच्याहून अडीचशें मीटरांच्या आसपास अधिक खोल अशी खिंड उघडी होती. थंड पाणी भिंतीला टेंकून, वळण घेऊन, त्या दारानें बाहेर पडत होतें. १८९५ व १८९६ ह्या वर्षीं 'इंगोल्फ' ह्या डॅनिश जहाजानें आइसलंडच्या आसपास मोजणी केली. तीवरून मार्टिन क्नूडसेन ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें असें अनुमान काढलें कीं, उत्तरेचें थंड पाणी डोंगररांग ओलांडून दक्षिणेकडे वाहत असलें पाहिजे. त्यानंतर नॉर्वेच्या नान्सेन व हेलांड-हान्सेन ह्यांनीं नॉर्वेच्या समुद्राचा अभ्यास इतक्या बारकाईनें केला कीं, १९०९ सालच्या त्यांच्या ग्रंथानें त्या समुद्राचें चित्र पुष्कळ अंशीं पुरें केलें. पाणी बाहेर पडतें ह्याविषयीं जाणत्यांना आतां फारशी शंका उरली नव्हती.

पण 'पडतें' हें कळणें वेगळें आणि 'किती पडतें' हें कळणें वेगळें. उष्णतामापक पाणी कोठून आलें हें सांगतो. तें किती वेगानें चाललें आहे हें सांगत नाहीं. वेग मोजण्यासाठीं स्वीडनच्या एकमननें विसाव्या शतकाच्या आरंभीं एक नामी यंत्र केलें. पाण्याच्या ओघानें त्याचा पंखा फिरे, फेऱ्यांची संख्या चाकांवर उमटे, आणि मधून मधून एक बारीक गोळी होकायंत्राच्या सुईवरील पन्हळींतून घरंगळत खणांच्या डबींत पडे. कोणत्या खणांत किती गोळ्या आहेत हें पाहिलें कीं प्रवाहाची दिशा समजे. यंत्र सुबक होतें, पण तें जहाजावरून तारेला बांधून सोडावें लागे. आणि त्या समुद्रांत जहाज स्थिर कोठें राहतें? लाटा जहाजाला हेलकावतात, जहाज तारेला ओढतें, आणि यंत्र पाण्याचा वेग सांगण्याऐवजीं जहाजाचाच वेग सांगूं लागतें.

१९५५ मध्यें इंग्लंडच्या जॉन स्वॅलोनें निराळी युक्ति योजिली. बांधकामाच्या परांचीला वापरतात तसल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या त्यानें दोन्ही तोंडांनीं बंद केल्या. त्यांचें वजन इतकें नेमकें ठेविलें कीं, त्या बुडाव्या पण तळाला न जातां एका ठराविक खोलीवर तरंगत राहाव्या. कारण अशी नळी समुद्राच्या पाण्याहून कमी दबते. खालीं खालीं पाणी दाबून घट्ट होत जातें आणि एका पातळीला नळीइतकेंच जड होतें. आंतून टकटक असा ध्वनि येत राही. जहाज तो ऐकत मागोमाग जाई. दोन वर्षांनीं ह्याच नळ्यांनीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापाशीं, गल्फ स्ट्रीमच्या खालून दक्षिणेकडे जाणारा खोल प्रवाह उघड केला. हेन्री स्टॉमेलनें तो गणितानें आधींच वर्तविलेला होता. उत्तरेच्या सांडव्यांवरून पडलेलें पाणी पुढें ज्या वाटेनें जातें, तीच ही वाट.

सांडव्यावरच एकवटून मोजणी करावयाची, असा बेत आंतरराष्ट्रीय सागरसंशोधन परिषदेनें १९६० मध्यें आंखला. नऊ जहाजें आइसलंड व फेरो ह्यांच्या दरम्यानच्या कण्यावर पुनः पुनः फिरलीं, आणि पाण्याची उष्णता व खारटपणा ह्यांचे नमुने त्यांनीं हजारोंनीं गोळा केले. सांडवा कोठें कोठें आहे हें त्यांत चांगलें दिसलें. पण जहाजें परत फिरल्यावर खालीं काय होतें तें कोणालाच ठाऊक नव्हतें. १९६७ मध्यें अमेरिकेच्या व्हॅलेंटाइन वर्दिंग्टन ह्यानें डेन्मार्कच्या सामुद्रधुनींत वेगमापकांची रांगच तळाला नांगरून ठेविली. प्रवाह एवढा जोराचा निघाला कीं बहुतेक यंत्रें परत मिळालींच नाहींत, आणि मिळालेल्यांपैकींहि फारच थोड्यांनीं उपयोगी नोंद दिली. वर्दिंग्टननें आपल्या निबंधाच्या मथळ्यांतच त्या मोजणीला 'प्रयत्न' म्हटलें आहे. ज्या प्रवाहानें मोजण्याचें यंत्रच वाहून नेलें, तो मंद नाहीं एवढें तर त्यांतून सिद्ध झालेंच!

ही अडचण संपली ती ध्वनीच्या साहाय्यानें. आगगाडी शिटी वाजवीत स्टेशनांतून भरधाव निघून गेली म्हणजे येतांना शिटीचा स्वर चढा आणि जातांना उतरलेला ऐकूं येतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. त्याचें मूळ तत्त्व ऑस्ट्रियाच्या डॉप्लरनें १८४२ मध्यें सांगितलें. नव्या यंत्रांत तेंच योजिलें आहे. यंत्र खालीं ठेवावयाचें. तें वरच्या दिशेनें ध्वनीचे ठोके सोडतें. पाण्याबरोबर वाहत जाणारे सूक्ष्म जीव व कण त्यांचा प्रतिध्वनि परत पाठवितात. कण जवळ येत असतील तर स्वर चढतो, दूर जात असतील तर उतरतो. जवळच्या थरांतील प्रतिध्वनि आधीं येतो, दूरच्या थरांतील मागाहून. अशा रीतीनें जागचें न हलतां एकच यंत्र शेंकडों मीटर पाण्याचा थर न् थर तपासूं शकतें. त्याला पंखा नाहीं, कीं ओघानें मोडावें असें कांहीं बाहेर आलेलें नाहीं.

फेरो बेटांची वस्ती एखाद्या मध्यम तालुक्याच्या गांवाएवढी, पन्नास हजारांच्या आसपास. टोर्शाव्हन येथील त्यांच्या सागरसंशोधन संस्थेनें १९९५ च्या नोव्हेंबरांत असें यंत्र खिंडीच्या मधोमध नांगरलें, आणि पुढें वर्षानुवर्षें तें काम सोडलें नाहीं. दर उन्हाळ्यांत जहाज त्या जागीं जाई. ठराविक ध्वनीचा इशारा दिला कीं नांगराचा आंकडा सुटे आणि तरंगत्या गोळ्यांच्या बळानें यंत्र वर येई. वर्षाची नोंद काढून घ्यावयाची, नवी बॅटरी घालावयाची आणि कांहीं आठवड्यांनीं तें पुनः खालीं सोडावयाचें. ह्या कामांत कोणाला शौर्य दिसणार नाहीं. पण समुद्राच्या इतिहासांत एवढ्या चिकाटीचीं उदाहरणें थोडीं आहेत.

यंत्रानें जें दाखविलें तें असें: तळालगतचें पाणी शून्य अंश सेल्सियसच्याहि खालचें, आणि त्याचा वेग सेकंदाला मीटराहून अधिक. एवढ्या खोलीवर ह्याला नदीचा पूरच म्हणावयाचा. वर वर जावें तसा वेग कमी होत जातो. महत्तम वेगाच्या निम्मा जेथें होतो तेथें सांडव्याचा वरचा कांठ धरावयाचा, असा नियम ठरविण्यांत आला. पृथ्वीच्या फिरण्यामुळें हा प्रवाह आपल्या उजव्या बाजूस लोटला जातो, आणि खिंडींतून बाहेर पडल्यावर उजवीकडेच वळून, आइसलंड-फेरो कण्याच्या दक्षिण उतरणीनें, पश्चिमेकडे खालीं खालीं उतरत जातो.

पण पांच-सहा वर्षांच्या नोंदीवरून मागची पन्नास वर्षें कशीं कळणार? येथें धरणाचाच हिशेब उपयोगी पडला. सांडव्यावरून किती पाणी जातें हें काढण्यास दर वेळीं वेग मोजावा लागत नाहीं. माथ्याच्या वर धरणांत पाणी किती चढलें आहे तें कळलें कीं गणित करतां येतें. समुद्रांत ही 'धरणांतील पातळी' म्हणजे खालचें जड पाणी व वरचें हलकें पाणी ह्यांच्या सीमेची उंची. तिची जुनी नोंद सुदैवानें हातीं होती. उत्तर अक्षांश ६६ व पूर्व रेखांश २ येथें नॉर्वेचें एक हवामान-जहाज १९४८ पासून ठाण मांडून होतें, आणि तेथून खोल पाण्याची उष्णता व खारटपणा नियमानें मोजला जात होता. (हें जहाज २००९ च्या अखेरीस कायमचें काढून घेण्यांत आलें.) ह्या नोंदींत जड पाण्याची सीमा हळूहळू खालीं गेलेली दिसली. फेरोचे बोगी हान्सेन, स्कॉटलंडचे विल्यम टरेल आणि नॉर्वेचे स्वेन ऑस्टरहूस ह्यांनीं दोन्ही नोंदी जुळविल्या आणि २००१ च्या जूनमध्यें 'नेचर' नियतकालिकांत आपला निष्कर्ष छापला: १९५० पासून ह्या खिंडींतील प्रवाह निदान २० टक्क्यांनीं घटला आहे.

ह्या निष्कर्षाची पुष्कळ चर्चा झाली, आणि तें साहजिकच होतें. पृथ्वी तापत चालली तर उत्तरेचें पाणी पुरेसें जड होणार नाहीं आणि महासागराचें हें चक्र मंदावेल, अशी भीति गणिती प्रतिकृतींनीं आधींच दाखविलेली होती; येथें तर मोजलेला पुरावाच हातीं आल्यासारखा झाला. हा निष्कर्ष उतावळेपणाचा होता असें मुळींच म्हणतां येणार नाहीं. धरणाचा हिशेब खोटा नव्हता, जहाजाची नोंदहि खोटी नव्हती. मात्र यंत्र खिंडींत बसलेलें होतें, आणि तें दर वर्षीं आपला आंकडा सांगत होतें. आंकडा कमी होईना.

२००८ मध्यें हान्सेन व ऑस्टरहूस ह्यांनींच, स्टेफेन ओल्सेन आणि डेटलेफ क्वाडफासेल ह्यांच्यासह, दहा वर्षांची प्रत्यक्ष मोजणी आणि १९४८ पासूनचें गणिती पुनर्गणन शेजारीं ठेवून पुनः विचार केला. दोन्हींत कायम घटीचें चिन्ह नव्हतें. घोटाळा कोठें होता? समुद्र हें नुसतें धरण नव्हे. धरणाच्या सांडव्यावर केवळ पाण्याच्या उंचीचा जोर असतो. येथें जड पाण्याच्या डोक्यावर आणखी पाणी आहे, आणि त्या वरच्या पाण्याचा पृष्ठभागहि सर्वत्र सपाट नसतो. त्याच्या उतारांत थोडा फरक पडला तरी खालच्या प्रवाहाला जोर मिळतो. खालच्या पातळीची उणीव ह्या दुसऱ्या जोरानें भरून निघाली होती. वीस टक्क्यांची घट दाखविणाऱ्यांनींच ती मागें घेण्याजोगा पुरावा जमविला, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे.

१९९५ पासून मे २०१५ पर्यंतचा पुरा हिशेब २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. सरासरी प्रवाह सेकंदाला २२ लक्ष घनमीटर, चुकीस वाव दोन लक्ष इकडे किंवा तिकडे. आणि वीस वर्षांत घट नाहीं. डेन्मार्कच्या सामुद्रधुनींतील मोजणीहि ह्याच्याशीं जुळती होती. मात्र पाणी अगदीं पूर्वींचेंच राहिलेलें नाहीं. त्याचा सर्वांत थंड भाग एक दशांश अंशाहून किंचित् अधिक ऊन झाला आहे, विशेषतः २००२ नंतर. ऊन झालेलें पाणी हलकें व्हावयास हवें, आणि हलकें पाणी खोल बुडणार नाहीं. पण त्याच अवधींत त्याचा खारटपणाहि वाढला आणि जडपणा जसाच्या तसा राहिला. एक दशांश अंश ऐकावयास कांहींच नाहीं. तो सेकंदाला २२ लक्ष घनमीटर पाण्यांतला आहे, आणि तेवढी अधिक उष्णता घेऊन तें पाणी फेरो बेटांच्या खिंडींतून अटलांटिकच्या तळाकडे उतरत आहे.